१० गिगावॉटची बातमी आली की आधी वही काढा: सोलर-बॅटरी कंपनीची वाढ कशी मोजायची

परवा रात्री साडेअकराला भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला, "मामा ही कंपनी १० गिगावॉटची झालीय, शेअर घेऊ का?" आणि त्याच आठवड्यात गावाकडून चुलतभावाचा फोन, की एक एजंट आलाय, सोलरसाठी शेत भाड्याने मागतोय, कंपनी लय मोठी आहे म्हणतोय, देऊ का. दोघांना तेच पाहिजे होतं, कंपनी खरंच मोठी झालीय का नुसती पोस्टरवर मोठी आहे. मी बरीच वर्षं सोलरच्या साईटवर काढलीत, थोडी राजस्थानात, थोडी कर्नाटकात पावगडला, आणि एका कंपनीत गुंतवणूकदारांना दाखवायचा आकडा फुगताना पाहिलाय, फुगवायला एक्सेल शीट मीच भरून दिली होती, त्यामुळे कुठे हवा भरतात ते माहितीये. दोघांना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो.

आधी एक वही घ्या, मोबाईल नको, वहीच, आणि पानावर चार रकाने आखा. पहिल्यात जे प्रोजेक्ट आज वीज देतायत ते. दुसऱ्यात ज्यांचं बांधकाम चालू आहे ते. तिसऱ्यात ज्यांचा वीज खरेदी करार म्हणजे पीपीए सही झालाय पण जमिनीवर काही नाही ते. चौथ्यात ज्यांचं नुसतं टेंडर जिंकल्याचं पत्र, एलओए, हातात आहे ते. बातमीतला गिगावॉटचा आकडा हा बहुतेक वेळा या चारही रकान्यांची बेरीज असतो आणि बातमी लिहिणाऱ्याला ते माहितीही नसतं.

हे मी मनाने सांगत नाही. २०२१ मधे अदानी ग्रीनने एसबी एनर्जी इंडिया घेतली, साडेतीन अब्ज डॉलरचा सौदा, सगळीकडे जवळपास ५ गिगावॉट, म्हणजे ५ हजार मेगावॉट, असं आलं. आता तो आकडा फोडा. एकूण ४,९५४ मेगावॉट, त्यात चालू १,७००, बांधकामात २,५५४ आणि बांधकामाच्या उंबरठ्यावर ७००. म्हणजे घेतलं त्या दिवशी वीज देणारा भाग एक तृतीयांश. यात लबाडी काहीच नाही, कंपनीने स्वतःच हे आकडे वेगवेगळे जाहीर केले होते, आपण वाचताना बेरीज तेवढी लक्षात ठेवतो. आणि हेही बघा की ही वाढ विकत घेतलेली, स्वतः बांधलेली नव्हे, दोन्ही चालतात पण बांधून वाढलेल्या कंपनीकडे बांधणारी माणसं असतात, विकत घेऊन वाढलेलीकडे ती असतीलच असं नाही, कर्ज मात्र दोघींकडे असतं.

चौथा रकाना सगळ्यात जास्त फसवतो. आपल्याकडे पद्धत अशी की सेकी म्हणजे सोलर एनर्जी कॉर्पोरेशन, ही २०११ ला सुरू झालेली सरकारी कंपनी, टेंडर काढते, डेव्हलपर बोली लावतात, सगळ्यात कमी दरवाला जिंकतो, त्याला एलओए मिळतं. पण सेकी मधली आहे, ती वीज स्वतः वापरत नाही, तिला पुढे कुठल्यातरी राज्याच्या वितरण कंपनीला, म्हणजे डिस्कॉमला, ती विकायची असते. डिस्कॉमने सही केली नाही की सेकी पण डेव्हलपरशी करार करत नाही आणि एलओए फाईलमधे पडून राहतं. २०२५ मधे देशभरात असं जिंकलेलं पण खरेदीदार न मिळालेलं ४० गिगावॉटहून जास्त होतं. आता डिस्कॉम सही का करत नाहीत तर त्यांनी भाव पडताना बघितलाय. २०१० च्या सोलर मिशनच्या पहिल्या बोलीत युनिटला ११-१२ रुपये दर होता, मे २०१७ ला राजस्थानातल्या भाडल्याच्या बोलीत २ रुपये ४४ पैसे झाला, डिसेंबर २०२० ला गुजरातच्या बोलीत १ रुपया ९९ पैसे. हे बघितलेला खरेदी अधिकारी म्हणतो थांबू की अजून सहा महिने, घाई कुणाला आहे. त्यामुळे चौथ्या रकान्यातल्या आकड्यावर मी सरळ काट मारतो आणि तिसऱ्यातला अर्धा धरतो. अर्धा का, तर अनुभव, दुसरं काही नाही.

अजून तीन फुगे आहेत ते रकाने भरतानाच फोडा. एक, मेगावॉट एसी (ग्रिडला जाणारे) की डीसी (पॅनलचे). ग्रिडला १०० मेगावॉट देणाऱ्या प्लांटवर १४० मेगावॉटचे पॅनल लावलेले असतात कारण सकाळ-संध्याकाळ ऊन कमी असतं, मग कुणी १०० सांगतं कुणी १४०, ज्याच्यापुढे "पीक" लिहिलंय तो पॅनलचा आकडा. दोन, भागीदारी. प्रोजेक्टमधे कंपनीचा वाटा निम्मा असला तरी बातमीत पूर्ण मेगावॉट येतात. तीन, ही हायब्रिडची गंमत, आजकाल चोवीस तास किंवा मागणीप्रमाणे वीज द्यायचे करार असतात, १०० मेगावॉटच्या अशा कराराला सोलर, पवनचक्की मिळून दोनशेच्या वर उभारावं लागतं, मग कंपनी कधी कराराचा आकडा सांगते कधी उभारणीचा, जो त्या तिमाहीत बरा दिसतो तो.

आता दुसरा रकाना, बांधकाम चालू असलेला. बांधकाम म्हणजे नेमकं काय चालू आहे ते विचारा. पॅनल बसवणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, खरं सांगतो, माणसं आणि माल असला की पन्नास मेगावॉट भराभर उभं राहतं. अडतं ते जमीन आणि तार यात.

जमिनीचं बघा. पावगड, तुमकुर जिल्हा, दुष्काळी तालुका, तिथे कर्नाटक सरकारने साधारण १३ हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेता भाड्याने घेतली, एकराला वर्षाला २१ हजार पासून, आणि २,०५० मेगावॉटचा पार्क उभा केला. पार्कवाल्याने जमीन, रस्ता, सबस्टेशन आयतं दिलं की डेव्हलपरचं काम निम्म्याने कमी. राजस्थानात भाडला तसंच, २,२४५ मेगावॉट. कच्छमधलं खावडा तर ५३८ चौरस किलोमीटरची खारट पडीक जमीन, ३० गिगावॉटचं नियोजन, आणि फेब्रुवारी २०२४ ला तिथले पहिले ५५१ मेगावॉट ग्रिडला लागले. पार्कच्या बाहेर स्वतः जमीन गोळा करणाऱ्याला मात्र एकेका सातबाऱ्यावर दहा-बारा वारस, कुणी पुण्यात कुणी सुरतला, मधल्या एका पट्ट्यावर भावाभावांची केस, आणि तेवढ्या एका पट्ट्यामुळे टॉवरची लाईन वळवायची. मी एका साईटवर एका चिंचेच्या झाडाखाली चार महिने बसलोय नुसता, मालक सही करेना म्हणून, त्याचा आजा त्या झाडाखाली बसायचा, तो म्हणाला झाड राहू दे मग सही करतो, शेवटी नकाशाच बदलला. ते झाड अजून आहे म्हणे.

तारेचं दुखणं याहून मोठं. सोलर प्लांट वर्ष-दीड वर्षात होतो, मोठी ट्रान्समिशन लाईन व्हायला तीन-चार वर्षं लागतात. त्यात एप्रिल २०२१ ला सुप्रीम कोर्टाचा माळढोक पक्षी वाचवण्यासाठीचा आदेश आला, की राजस्थान-गुजरातच्या माळढोकाच्या पट्ट्यात तारा जमिनीखालून टाका, नंतर मार्च २०२४ ला कोर्टाने तो सैल केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. मधल्या तीन वर्षांत कितीतरी प्रोजेक्ट लटकले. (आम्ही सोलापूरवाले, माळढोक म्हटलं की नान्नजच्या अभयारण्याची आठवण येते, इथला पक्षी जवळपास संपला आणि तिकडे त्याच्यासाठी गिगावॉट अडले, काय बोलणार.) आणि लाईन अर्धवट असली की तात्पुरत्या जोडणीवर प्लांट चालू करतात, पण दुपारी ग्रिडवर जागा कमी पडली की ग्रिड सांभाळणारे लोड डिस्पॅचवाले सगळ्यात आधी या तात्पुरत्यांनाच उत्पादन कमी करायला लावतात. राजस्थानात २०२५ ला हेच झालं, पॅनल चकाचक, ऊन कडक, आणि वीज घ्यायला तारच नाही. म्हणून बातमीत "कमिशन झाला", म्हणजे प्लांट चालू झाला, असं वाचलं तरी जोडणी कायमची आहे का तात्पुरती ते शोधा. सेंट्रल ट्रान्समिशन युटिलिटीच्या साईटवर कुणाला कुठल्या सबस्टेशनला किती जोडणी मंजूर आहे त्याच्या याद्या असतात, कंटाळवाण्या आहेत पण फुकट आहेत.

तारखेची पण एक मेख. ३० जून २०२५ पर्यंत चालू झालेल्या प्रोजेक्टला आंतरराज्य ट्रान्समिशनचे चार्जेस पूर्ण माफ, त्यानंतर ही माफी दरवर्षी २५ टक्क्यांनी उतरत जाते, सोलरसोबत त्याच जागी बॅटरी असेल तर तिला जून २०२८ पर्यंत सूट. त्यामुळे जून २०२५ च्या आधीच्या महिन्यांत जी धावपळ झाली त्यावरून एखाद्या कंपनीचा पुढचा वेग ठरवू नका, दिवाळीच्या आठवड्याच्या गल्ल्यावरून दुकानाचा वर्षाचा हिशोब कुणी करत नाही.

आता पैसे. इथे वहीचं नवीन पान घ्या आणि १०० मेगावॉटचा हिशोब मांडा, आकडे उदाहरणापुरते. चांगल्या उन्हाच्या ठिकाणी प्लांटचा वापर म्हणजे सीयूएफ (पूर्ण क्षमतेने वर्षभर चालला असता तर जेवढी वीज आली असती त्यातली खरंच किती टक्के येते ते) २५ टक्के धरला तर १०० मेगावॉट गुणिले वर्षाचे ८,७६० तास गुणिले पाव, म्हणजे साधारण २१ कोटी ९० लाख युनिट. अडीच रुपये दराने पावणेपंचावन्न कोटी. प्लांटला ४५० कोटी लागले आणि त्यात ७५ टक्के कर्ज धरलं तर ३३७ कोटी, नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज ३० कोटी. देखभाल, विमा, पाणी, वॉचमन, गवत कापणं याचे चार-पाच कोटी. उरले वीस, त्यातनं मुद्दल फेडायचं. आता सीयूएफ २५ चा २३ झाला तर वर्षाला साडेचार कोटीच्या आसपास गेले, आणि ते त्या विसातून जातात, पंचावन्नातून नाही, बँक कमी घेत नाही. पॅनलवर धूळ बसली, इन्व्हर्टर दोन दिवस बंद, दुपारी ग्रिडने अडवलं, एवढ्या बारक्या गोष्टींनी दोन टक्के सहज जातात. भाडल्याकडे पाणी नाही म्हणून कोरडे रोबोट रात्री पॅनल झाडत फिरतात ते यासाठीच. पॅनल स्वतः पण दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का म्हातारे होतात आणि करार २५ वर्षांचा, दर बहुतेक ठिकाणी तोच. म्हणून कंपनीच्या तिमाही आकड्यांत मेगावॉटच्या शेजारी सीयूएफ बघायचा, मेगावॉट वाढले आणि सीयूएफ सलग घसरला तर कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि वीज विकली म्हणजे पैसे आले असं पण नाही. आंध्रात २०१९ ला नवीन सरकारने आधीचे करार महाग आहेत म्हणून दर कमी करायचा प्रयत्न केला, प्रकरण हायकोर्टात, शेवटी मार्च २०२२ ला कोर्ट म्हणालं कराराप्रमाणे पैसे द्या, पण मधली वर्षं डेव्हलपरने बँकेचे हप्ते कुठून भरले असतील विचार करा. जून २०२२ मधे देशभरातल्या डिस्कॉमची थकबाकी १ लाख ४० हजार कोटींच्या घरात होती, तेव्हा उशिराच्या पैशांवर नवीन नियम आला, जुनी थकबाकी हप्त्यांनी फेडायची आणि वेळेत दिले नाहीत तर बाहेरून वीज घेण्यावर बंधन, त्यानंतर परिस्थिती बरीच सुधारली. तरी खरेदीदार कोण ते वहीत लिहाच. सेकी किंवा एनटीपीसी मधे असेल तर पैसे जास्त नियमित, थेट कमकुवत डिस्कॉम असेल तर जपून.

हे सगळं शोधायचं कुठे तर माझी आवडती जागा सांगतो, क्रेडिट रेटिंगचे अहवाल. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज यांच्या साईटवर कंपनीचं नाव टाका, चार-पाच पानांचा अहवाल फुकट मिळतो. शेअर विकायला लिहिलेला नसतो, कर्ज देणाऱ्यासाठी लिहिलेला असतो, त्यामुळे भाषा रुक्ष आणि बरीचशी सरळ. त्यात उत्पादन अंदाजापेक्षा किती कमी आलं, पैसे किती दिवसांनी मिळतात, हप्ता भरायला किती पट पैसे येतात, प्रोजेक्ट किती लांबला, सगळं असतं. अंदाज वाचताना पी-५० आणि पी-९० असे दोन शब्द दिसतील, पी-५० म्हणजे तेवढी वीज यायची शक्यता निम्मी, पी-९० म्हणजे दहापैकी नऊ वेळा तेवढी तरी येईल. कंपनी पी-५० सांगते, बँक पी-९० वर कर्ज देते, तुम्ही बँकेसारखं वाचा. अहवाल प्रोजेक्टच्या छोट्या कंपनीच्या नावाने असतो बरं का, प्रत्येक प्लांटला वेगळी कंपनी काढतात, ग्रुपचं नाव टाकून सगळं सापडणार नाही.

कर्जावर फार लिहीत नाही, एकच किस्सा. अमेरिकेची सनएडिसन, एकेकाळी जगातली सगळ्यात जोरात वाढणारी रिन्यूएबल कंपनी म्हणायचे तिला, नोव्हेंबर २०१५ ला आंध्रातल्या ५०० मेगावॉटसाठी युनिटला ४ रुपये ६३ पैसे बोली लावली, तेव्हाचा नीचांक, आमच्या ऑफिसात लोक तोंडात बोटं घालून बसले होते. एप्रिल २०१६ ला कंपनीचं दिवाळं निघालं, देणी १६ अब्ज डॉलरच्या वर. पाच महिने. मागणी कमी होती म्हणून नाही बुडाली, कंपन्या विकत घेत सुटली, एकाचं कर्ज फेडायला दुसरं, आणि नवीन पैसे यायचे थांबले त्या दिवशी सगळं थांबलं. भारतातले तिचे प्लांट ग्रीनको नावाच्या कंपनीने घेतले, ते प्लांट चांगले होते. त्या वेळी तिच्या भारतातल्या साईटवर काम करणारे दोन मित्र होते, त्यांची नोकरी राहिली, फक्त हेल्मेटवरचं स्टिकर बदललं.

आता बॅटरी, कारण हल्ली "स्टोरेज" शब्द नसलेली सोलरची बातमीच येत नाही. इथे पहिली गोष्ट, दोन आकडे मागा, मेगावॉट आणि मेगावॉट-अवर. पहिला म्हणजे नळाची तोटी किती मोठी, दुसरा म्हणजे टाकीत पाणी किती. छत्तीसगडच्या राजनांदगावला सेकीचा सोलर प्लांट आहे, १०० मेगावॉट, सोबत ४० मेगावॉट आणि १२० मेगावॉट-अवरची बॅटरी, फेब्रुवारी २०२४ पासून. म्हणजे ४० मेगावॉटने तीन तास, संध्याकाळची वेळ निभते. कुणी नुसतं "५०० मेगावॉट बॅटरी" म्हणालं की विचारायचं किती तास. पाण्याच्या बॅटरीला पण हेच लागू, आपलं घाटघर २५० मेगावॉटचं, दिवसा-रात्री पाणी वर-खाली करणारं, तेही स्टोरेजच, फक्त त्याला कुणी स्टोरेज म्हणत नव्हतं.

का लागते बॅटरी, तर दुपारी सगळे सोलरवाले एकदम वीज ओततात, वीज एक्स्चेंजवर म्हणजे विजेच्या बाजारात भाव पडतो, आणि संध्याकाळी सातला तोच भाव वर चढून १० रुपयांच्या मर्यादेला टेकतो. म्हणून नुसत्या सोलरला गिऱ्हाईक कमी झालं आणि डिस्कॉम बॅटरीसकट मागायला लागले. जुलै २०२४ च्या सेकीच्या बोलीत दोन तासांच्या बॅटरीसकट सोलर ३ रुपये ४१ पैशांना गेलं, डिसेंबर २०२४ ला चार तासांची बॅटरी असूनही ३ रुपये ५२ पैसे. नुसत्या बॅटरीच्या बोल्या तर अजून खाली आल्या. ऑगस्ट २०२२ ला सेकीच्या पहिल्या मोठ्या बॅटरी टेंडरमधे मेगावॉटला महिन्याला १० लाख ८३ हजार भाडं निघालं होतं, मार्च २०२४ ला गुजरातमधे साडेचार लाखाच्या जवळ, २०२५ च्या सुरुवातीला सव्वादोन लाखांच्या आसपास, सरकारी अनुदान धरून. लिथियम पडलं, चीनमधे बॅटरीच्या सेलचे कारखाने गरजेपेक्षा जास्त झाले, अनुदान आलं, हे सगळं खरं. पण त्यातल्या काही बोल्या उद्या सेल अजून स्वस्त होतील या भरवशावर लावल्यात असं मला वाटतं, आणि भाव वाढले की कोण बांधणार हा प्रश्न आहे. सोलरच्या त्या १ रुपया ९९ पैशांच्या बोलीनंतर पण असंच झालं होतं, मॉड्यूल म्हणजे पॅनल महागले आणि एप्रिल २०२२ पासून बाहेरच्या मॉड्यूलवर ४० टक्के ड्युटी लागली, स्वस्तात जिंकलेल्यांची तारांबळ उडाली.

बॅटरीवाल्या कंपनीला म्हणून हे विचारायचं: सेलची ऑर्डर दिली का नुसती बोली जिंकली. १०० युनिट भरले तर किती परत द्यायचं कबूल केलंय, सेकीच्या करारात ८५ असतं, खाली गेलं की दंड. आणि बॅटरी दरवर्षी दोनेक टक्के थकते, बाराव्या वर्षी पण तेवढीच वीज द्यायची तर मधे नवीन सेल घालावे लागणार, तो खर्च कुठल्या पानावर आहे. राजस्थानच्या उन्हात कंटेनर थंड ठेवायला एसी चालतो, ती वीज कुणाच्या मीटरवर. या प्रश्नांना कंपनीच्या कॉन्फरन्स कॉलवर सरळ उत्तर आलं तर बरं लक्षण समजा.

आता चुलतभावाचं. आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० या सरकारी योजनेत जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार, दरवर्षी ३ टक्के वाढ, किंवा जमिनीच्या सरकारी किमतीच्या ६ टक्के, जे जास्त असेल ते. खाजगी जमीन सबस्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आत पाहिजे. एजंट ग्रुपचं नाव सांगतो, पण करारावर ती छोटी प्रोजेक्ट कंपनी असणार, तिचं नाव मागून घ्या, महावितरणचा वीज करार तिच्या नावावर सही झालाय का बघा, नसेल तर भाडं आपल्या भाडेकराराच्या सहीच्या तारखेपासून चालू होईल असं लिहून घ्या, प्लांट चालू झाल्यावर असं नको, नाहीतर जमीन अडकते आणि पैसा येत नाही. अमुक महिन्यांत काम सुरू नाही झालं तर करार रद्द, हे कलम पाहिजेच. शेवटी पॅनल आणि पाईल म्हणजे जमिनीत रोवलेले खांब कोण काढणार, जमीन कशी परत देणार, ते पण. आणि एक प्रत मराठीत.

भाच्याने रविवारी वही भरून फोटो पाठवला. चालू १,३८०, बांधकामात ९००, करार झालेले २,१००, बाकी सगळं चौथ्या रकान्यात. खाली लिहिलेलं, "मामा यातले ३०० तात्पुरत्या जोडणीवर आहेत, ते पहिल्यात धरू का दुसऱ्यात?" मी सांगितलं दुसऱ्यात धर. चुलतभावाला एजंटने अजून प्रोजेक्ट कंपनीचं नाव दिलेलं नाही, दोनदा मागितलंय.